पेस्टपेक्षा पॅडची जाडी सांभाळा

जुन्या लॅपटॉपची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्या मधला लेप, बदलताना घोळ होतो तो अनेकदा पॅडमुळे, म्हणजे मेमरी चिप आणि हीटसिंकच्या मधल्या मऊ पट्टीमुळे. पॅड जास्त जाड झाला की हीटसिंक प्रोसेसरवर नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. पातळ झाला तर मेमरी चिपला तो शिवतच नाही. म्हणून जुना पॅड जिथे दबलेला नाही, त्या कडेला व्हर्नियर कॅलिपरने मोजा: ०.५, १ की १.५ मिमी? तेवढाच घ्या.

काम सुरू करताना बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून पुसा, धातूने खरवडू नका. लॅपटॉपच्या उघड्या डायवर (प्रोसेसरची झाकण नसलेली सिलिकॉन चिप) पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते, त्यामुळे घट्ट पेस्टच बरी. डाय पूर्ण झाकेल इतकी पसरवा. स्क्रू हीटसिंकवरच्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा.