"माझी सोनोग्राफी नॉर्मल आलीये": गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत या चुका टाळा

कुठल्याही बाईला विचारा, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी केलीये का, तर उत्तर हमखास येतं, "अहो मागच्याच वर्षी सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आहे." सगळ्यात मोठी चूक हीच. सोनोग्राफीत पिशवीची साईज कळते, गाठी कळतात, पण गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बिघडायला लागल्यात का हे त्यात दिसतच नाही. त्यासाठी पॅप स्मिअर (तिथल्या थोड्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात), एचपीव्ही टेस्ट (या कॅन्सरमागच्या व्हायरसची तपासणी) किंवा व्हीआयए (पातळ अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघतात) यापैकी काहीतरी करावंच लागतं.

दुसरी चूक, "मला काही त्रासच नाही तर कशाला जाऊ". अहो, त्रास नसतो तेव्हाच तर जायचं! हा कॅन्सर जवळजवळ नेहमी संबंधांतून पसरणाऱ्या एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो, त्यातले 16 आणि 18 नंबरचे प्रकार मिळून साधारण 70 टक्के केसेसच्या मागे असतात. बहुतेक बायकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींच्यात ठाण मांडून बसतो आणि मग पेशी बदलत बदलत कॅन्सर व्हायला बहुधा 10-15 वर्षं लागतात. एवढा वेळ आपल्या हातात असतो आणि या सगळ्या काळात दुखत नाही, खुपत नाही, काही नाही.

तपासणीने खरंच फरक पडतो का? आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला, 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एकदाच, फक्त एकदाच, एचपीव्ही टेस्ट दिली आणि गरज पडली तिथे उपचार केले, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने 34 जणी गेल्या, आणि साधारण तेवढ्याच मोठ्या पण तपासणी न झालेल्या गटात 64. हे वाचल्यावर पुढच्या महिन्यात बघू असं म्हणवत नाही.

आणि भीती वाटते म्हणाल तर व्हीआयएमध्ये नक्की काय करतात ऐका. टेबलावर झोपवून स्पेक्युलम (आतलं नीट दिसावं म्हणून लावायचं साधन) लावतात, कापसाच्या बोळ्याने पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, मिनिटभर थांबतात, पेशी बिघडलेल्या असतील तर तेवढा भाग पांढरा दिसतो. थोडं चुरचुरतं, बस. सरकारी कार्यक्रमात 30 च्या पुढच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी आहे, आशाताईंना विचारा, कुठे होते ते सांगतील. पॅप करणार असाल तर पाळीच्या दिवसांत जाऊ नका, आणि आधीचे दोन दिवस आत कुठलं क्रीम किंवा गोळी नको, संबंधही नकोत, नाहीतर रिपोर्ट नीट येत नाही आणि परत खेटा पडतो.

आता रिपोर्ट. "इन्फ्लेमेटरी" लिहिलंय म्हणजे सूज किंवा इन्फेक्शन, कॅन्सर नव्हे. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजेही कॅन्सर नव्हे, आणि त्यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेऊन घरात भांडणं तर अजिबात नकोत, हा व्हायरस अतिशय कॉमन आहे आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. पुढची पायरी बहुधा कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं तोंड भिंगातून मोठं करून बघणं, गरज वाटली तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं. बिघडलेला भाग तेवढाच जाळून किंवा काढून टाकता येतो. रिपोर्ट कपाटात ठेवून गप्प बसणं मात्र महागात पडतं.

"पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल, पिशवीच काढून टाका" हे ऐकून ऑपरेशनला तयार होऊ नका, प्लीज. बीडच्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत हे किती झालंय ते सगळ्यांना माहितीये. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा साधं इन्फेक्शन असतं, ते औषधाने बरं होतं. आधी तपासणी मागा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

एचपीव्हीच्या लसीबाबत चूक एकच, "मुलगी लहान आहे, लग्नाच्या वेळी बघू". लस संबंध सुरू व्हायच्या आधीच सगळ्यात जास्त काम करते, म्हणून वय 9 ते 14. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस 2023 पासून मिळते, या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, 15 च्या पुढे तीन. आणि लस घेतली तरी 30 नंतर तपासणी सोडायची नाही, कारण सगळे प्रकार लसीत येत नाहीत.

संबंधांनंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे डाग, घाण वासाचं पाणी, हे अंगावर काढू नका. घरातल्या मोठ्या बायकांकडे जास्त लक्ष द्या. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर परत रक्त दिसलं तर "पाळी परत आली असेल" म्हणून आई किंवा सासूबाई गप्प बसतात, सांगायला लाजतात. तुम्हीच विचारा, आणि असं काही असेल तर त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा.