डास चावल्यासारखा दिसणारा डाग: प्रतिकारशक्ती कमी असताना त्वचेच्या बुरशीबाबत या चुका टाळा

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या पोटरीवर मसुराएवढा लाल डाग दिसतो. दुसऱ्या दिवशी तो मधोमध राखाडी होतो, तिसऱ्या दिवशी काळा. पू नाही, सूजही बेताचीच. घरचे म्हणतात, डास चावला असेल. आणि पू नाही म्हणून निर्धास्त राहतात, हीच पहिली चूक. पू मुख्यतः पांढऱ्या पेशींचा बनतो. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेलेल्या माणसात तो येणार कुठून? म्युकर, ॲस्परजिलस, फ्युझेरियम या बुरश्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडतात. वरची कातडी उपाशी मरते, म्हणून ती काळी पडते. स्यूडोमोनास या जिवाणूमुळेही हुबेहूब असाच व्रण होतो, त्यामुळे नुसतं बघून निदान सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही अनुभवी असो.

घरात पडलेलं मलम लावणं ही दुसरी चूक. गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरात राहते, तिथे मलम पोचतं. ही बुरशी खोल असते. त्यातून मलमात स्टेरॉइड असेल तर लाली दबते, डाग बरा होतोय असं वाटतं आणि आठवडा हातचा जातो.

आता बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढणं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. जखमेवरून स्वॅब फिरवून भागत नाही; खालच्या चरबीपर्यंत पोचणारा तुकडा लागतो. प्लेटलेट कमी आहेत म्हणून तो पुढे ढकलला जातो, पण गरज पडल्यास प्लेटलेट चढवून, टाका घालून, दाबून धरून बहुतेकदा काम होतं. मग तुकडा प्रयोगशाळेत येतो. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘फंगल कल्चर’, म्हणजे बुरशी वाढवून ओळखण्याची चाचणी, आणि बाटलीत असतं फॉर्मॅलिन. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, वाढणार काय? तुकड्याचे दोन भाग करा: एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरसाठी. दोन्ही लागतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ॲस्परजिलस आणि फ्युझेरियम जवळजवळ सारखेच दिसतात, औषधांना मात्र वेगवेगळा प्रतिसाद देतात. म्युकरचा संशय असेल तर चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहा. त्याचे रुंद, नाजूक तंतू तुकडा वाटून बारीक केला की तुटतात आणि कल्चर कोरं येतं. तो नुसता बारीक चिरायचा असतो.

‘ब्लड कल्चर निगेटिव्ह आहे’ हेही फसवं समाधान. फ्युझेरियम रक्तात बऱ्याचदा सापडतं. ॲस्परजिलस आणि म्युकर क्वचितच. बीटा-डी-ग्लुकान आणि गॅलॅक्टोमॅनन या बुरशीचे अंश शोधणाऱ्या चाचण्या तर म्युकर पकडतच नाहीत.

बुरशीचं औषध म्हणजे बुरशीचं औषध, असंही नसतं. व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन बी आणि मेलेली कातडी काढून टाकणं, दोन्ही लागतं. चेहऱ्यावर मधे खळगा असलेल्या मोत्यासारख्या पुटकुळ्या आल्या तर त्यांना मोलस्कम (विषाणूमुळे येणाऱ्या साध्या पुटकुळ्या) समजून सोडू नका. क्रिप्टोकॉकस या बुरशीचा संसर्गही असाच दिसतो आणि तो मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला असू शकतो. रक्तातली अँटिजेन चाचणी करा, मणक्यातलं पाणी तपासावं लागेल याची तयारी ठेवा.

नखांकडे कोणी बघतच नाही. पायाच्या अंगठ्याचं जुनं नखुरडं हा फ्युझेरियमचा आवडता दरवाजा, म्हणून केमोआधीच पाय तपासून घ्या. सलाइनच्या सुईभोवतीची चिकटपट्टीही दिवसाआड उचलून खालची कातडी बघा. 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बुरशी लागलेल्या इलॅस्टिक चिकटपट्ट्यांमुळे रुग्णालयांत रायझोपसची (म्युकरच्याच गटातल्या बुरशीची) लागण झाली होती.

किडनी बदललेल्या रुग्णांसाठी आणखी एक. व्होरिकोनॅझोलमुळे टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची) रक्तातली पातळी चढते, म्हणून डोस कमी करतात. बुरशी बरी होते, व्होरिकोनॅझोल थांबतं, पण टॅक्रोलिमसचा डोस कमीच राहून जातो. पातळी घसरते आणि शरीर नवी किडनी नाकारू लागतं.