टिप्स-पेंटासीनचा क्ष-किरण सेन्सर कसा बनवावा

टिप्स-पेंटासीन हा कार्बनवर आधारलेला, द्रावकात विरघळणारा अर्धवाहक; त्याचा पातळ थर क्ष-किरण टिपतो. नागपुरात मे महिन्यात हा थर टाकायचा असेल, तर सकाळी लवकर टाका. फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) टोल्युइन या द्रावकातलं त्याचं 0.5 टक्के द्रावण सोन्याच्या इलेक्ट्रोडवर थेंबाने सोडा आणि लगेच पेट्री डिश झाका. दुपारच्या उकाड्यात टोल्युइन भराभर उडतं आणि स्फटिक बारीक, वेडेवाकडे येतात; मोठ्या स्फटिकांतून विद्युत प्रभार सहज वाहतो. नंतर 90 अंश सेल्सिअसवर तासभर तापवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: नमुना काळ्या डबीत ठेवून आधी अंधारातला विद्युतप्रवाह मोजा. हा पदार्थ साध्या उजेडालाही प्रतिसाद देतो. प्रवाह स्थिर झाल्याशिवाय क्ष-किरण सोडूच नका, आणि तेही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीच्या खोलीतच.

कार्बनचा अणुक्रमांक फक्त 6, त्यामुळे पातळ थरात किरण फार थोडे शोषले जातात. तरी संकेत मिळतो, कारण अडकलेले प्रभार इलेक्ट्रोडमधून नवे प्रभार ओढत राहतात. म्हणून संकेत हळू चढतो, हळू उतरतो. दोन मोजमापांमध्ये पुरेसं थांबा. बिस्मथ या जड धातूच्या ऑक्साइडचे कण मिसळले तर शोषण वाढतं, पण शरीराच्या ऊतींशी असलेलं साम्य कमी होतं. रुग्णाला मिळालेली किरणांची मात्रा मोजायची असेल, तर मी बिस्मथ घालणार नाही.