बादोल्यो यांच्या कारकिर्दीचा तक्ता कसा करावा

गोव्यातल्या हायस्कूलच्या इतिहास प्रदर्शनासाठी तक्ता करत असाल तर इटलीचे सेनानी आणि पुढे पंतप्रधान झालेले पिएत्रो बादोल्यो यांची १८७१ ते १९५६ ही वर्षे समान भागांत वाटू नका. निम्मा कागद १९४३ साठी ठेवा.

आधीचे थोडक्यात: पहिल्या महायुद्धात १९१७ चा इटलीचा कापोरेत्तोचा पराभव, १९२६ मध्ये मार्शलपद, मे १९३६ मध्ये इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा काबीज. इथिओपियात विषारी वायू वापरला, हे गाळलेत तर तक्ता खोटा पडेल. डिसेंबर १९४० मध्ये ग्रीसवरच्या इटलीच्या हल्ल्याची फजिती झाल्यावर सरसेनाध्यक्षपदाचा राजीनामा.

मग २५ जुलै १९४३: मुसोलिनी पदच्युत, बादोल्यो पंतप्रधान. हमखास चूक पुढेच होते. दोस्त राष्ट्रांबरोबरच्या शस्त्रसंधीवर सही ३ सप्टेंबरला झाली, घोषणा ८ सप्टेंबरला. दोन्ही तारखा वेगळ्या रंगात लिहा. दुसऱ्या दिवशी राजा आणि सरकार रोम सोडून निघाले. सैन्याला स्पष्ट आदेश नव्हते, म्हणून जर्मनांनी ते सहज नि:शस्त्र केले. १३ ऑक्टोबरला जर्मनीशी युद्ध, जून १९४४ मध्ये त्यांच्या जागी बोनोमी पंतप्रधान.

मुरगाव बंदरात ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज मार्च १९४३ मध्ये जळाले. गोव्याचा धागा म्हणून ते जरूर घ्या, पण मुसोलिनीच्या रकान्यात. बादोल्यो तेव्हा सत्तेत नव्हते.