फोन त्यांच्याच हातात राहू द्या

"मला नको ते. माझं काही अडत नाही." आमच्या घरात स्मार्टफोनवरून हे वाक्य तीन वर्षं चाललं. म्हणणारे माझे वडील, अण्णा. वय 78. एसटीच्या सांगलीच्या कार्यशाळेत 34 वर्षं मेकॅनिक होते. नुसता इंजिनाचा आवाज ऐकून कुठल्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे ते सांगायचे. असा माणूस पाचशे सुट्या भागांचं इंजिन खोलून परत जोडतो आणि तळहाताएवढ्या फोनला घाबरतो, हे मला पटत नव्हतं. ते घाबरत नव्हतेच. जन्मभर हेल्परांना आणि शिकाऊ पोरांना त्यांनी शिकवलं होतं, आणि आता बारा वर्षांच्या नातवाला "हे कसं करायचं रे?" विचारावं लागणार होतं. नातू घाईत असला की "आजोबा, सांगितलं ना मगाशी" म्हणणार. ते ऐकण्यापेक्षा "नको" म्हणणं त्यांना बरं वाटायचं. तुमच्या घरात कुणी असंच अडून बसलं असेल, तर आधी या नकारामागे काय आहे ते बघा. बहुतेक वेळा तिथे आळस नसतो, विसरभोळेपणाही नसतो. तिथे मान असतो.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात कडक अट ही: शिकवताना फोन त्यांच्या हातातून काढून घ्यायचा नाही. "द्या इकडे, मी करते" हे तीन सेकंदांत होतं, पण त्यातून त्यांना एवढंच कळतं की हे तुम्हाला जमणार नाही. मी हे बरेचदा केलं. एकदा तर "किती वेळा सांगायचं अण्णा!" असंही तोंडून गेलं. त्यांनी फोन कपाटात पंचांगाखाली ठेवला आणि दोन आठवडे बाहेर काढला नाही. त्यानंतर मी शेजारी बसताना स्वतःचे हात पाठीमागे धरून बसायला लागले. खरंच पाठीमागे. बोट दाखवायचंही नाही, तोंडाने सांगायचं. "खाली डावीकडे हिरवं चित्र आहे, ते." चुकले तर चुकू द्यायचं.

दुसरं म्हणजे त्यांचं अडतं कुठे ते शोधा. तुमचं कुठे अडतं ते नव्हे. मला वाटायचं अण्णांनी पैसे पाठवायला शिकावं, कारण पैसे पाठवायच्या त्यांच्या बँकेच्या खेपा मला कराव्या लागत. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णा नदीजवळ. जुलै लागला की अण्णांचा एकच प्रश्न, "पुलाला किती फूट?" पूल म्हणजे नदीवरचा आयर्विन पूल, पाण्याची पातळी तिथे मोजतात. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरात छातीएवढं शिरलं. तेव्हापासून पाऊस लागला की अण्णांना झोप नाही. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पातळीच्या पट्टीचे फोटो येतात, कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते येतं. ते मला विचारायचे, नातवाला विचारायचे, दूधवाल्याला विचारायचे. एका रात्री मी म्हटलं, "अण्णा, रात्री दोन वाजता कुणाला विचारणार? हे तुम्हीच बघा ना." दुसऱ्या दिवशी फोन पंचांगाखालून बाहेर आला. तुमच्या आईला कदाचित परगावच्या बहिणीचा चेहरा बघायचा असेल, सासऱ्यांना बाजार समितीतला हळदीचा भाव हवा असेल. ते एक काम धरा. बाकी सगळं महिनाभर विसरा.

शिकवायला बसण्याआधी फोन तयार करा. हे काम मात्र तुम्ही एकट्याने करायचं. अक्षरं मोठी करा. पहिल्या पानावर चारच चित्रं ठेवा: फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, टॉर्च. खेळांच्या आणि खरेदीच्या सूचना बंद करा, नाहीतर दर पाच मिनिटांनी वरून काहीतरी घसरत येतं आणि बोट नेमकं त्यावर पडतं. नव्या फोनांत कडेवरून बोट सरकवून मागे जायचं असतं, ते वयस्क माणसाला सापडत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन खाली दिसणारी तीन बटणं परत आणा. भाषेचं म्हणाल तर मी उत्साहाने सगळा फोन मराठी केला होता. अण्णा म्हणाले, "हे कुठलं मराठी? आमच्या वर्कशॉपात असं कुणी बोलत नव्हतं." त्यांना इंग्रजीच सोयीचं पडलं. माझ्या मावशीला मराठीच हवं होतं. तेव्हा विचारून करा.

आता बोटाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुष्कळ घरांत गाडी इथेच अडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. अण्णांनी चित्रावर बोट ठेवलं की एकतर काहीच होत नसे, नाहीतर सगळी चित्रं हलायला लागायची. "याला माझा हात आवडत नाही," म्हणाले. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. उजव्या तर्जनीचं टोक घट्ट्यासारखं, कोरडं, मधोमध जुनी चीर. फोनच्या काचेला बोटाचा दाब कळत नाही, कातडीतून जाणारा बारीकसा विद्युतभार कळतो, आणि कोरड्या जाड कातडीतून तो नीट पोचत नाही. काही होत नाही म्हणून ते बटण दाबल्यासारखं जोरात आणि जास्त वेळ दाबत. मग फोनला वाटे, यांना चित्र उचलून दुसरीकडे ठेवायचं आहे.

उपाय साधे आहेत. शेजारी वाटीत ओला करून पिळलेला रुमाल ठेवा, बोट त्याला टेकवून मग वापरायचं. टोक फारच जाड असेल तर मधल्या बोटाने करून बघा, अण्णांचं तसंच जमलं. काचेवरची जाड संरक्षक काच काढा किंवा पातळ लावा. आणि सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो, तिथे बोट किती वेळ ठेवल्यावर "धरून ठेवलं" समजायचं ते वाढवता येतं. ते सगळ्यात लांबचं करा.

पण अण्णांचा हात बसला तो वेगळ्याच कारणाने. मी म्हटलं, "टॅपेट सेट करताना फीलर गेज सरकवता तसं, अण्णा. जोर नाही. लागलं-न लागलं." (फीलर गेज म्हणजे टॅपेटची बारीक फट मोजायची पातळ पट्टी.) त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोट टेकवलं, आणि उघडलं. शिकवणाऱ्याने त्यांच्या हाताला आधीच माहीत असलेलं काहीतरी शोधावं. शिवणकाम केलेल्या बाईला कापडावर खडूची रेघ मारण्याचं सांगा, भाकरी थापणारीला परातीत पीठ पसरताना बोटं कशी हलकी फिरतात ते सांगा.

उघडायला शिकवण्याआधी परत यायला शिकवा. गाडी शिकवताना आधी ब्रेक दाखवतात तसं. पहिले तीन दिवस आम्ही एवढंच केलं: कुठेही जा, भलतीकडे जा, आणि मधलं बटण दाबून घरी या. अण्णांनी मागे जायच्या बटणाला रिव्हर्स म्हणायला सुरुवात केली, मीही तेच म्हणते. "काही बिघडलं तर?" ही भीती त्यातून गेली.

एक वही करा. शंभर पानी, साधी. पण लिहायचं त्यांनी, त्यांच्या शब्दांत. मी आधी सुबक अक्षरात पायऱ्या लिहून दिल्या होत्या, त्या त्यांनी कधी वाचल्या नाहीत. स्वतः लिहिलेलं पान असं: "हिरवा डबा. गावभाग ग्रुप. बोट खालून वर. फोटो मोठा करणे - दोन वेळा टिचकी. परत - रिव्हर्स." टंकायला नको म्हणाले तर कीबोर्डवरचा माईक दाखवा, मराठीत बोललेलं बऱ्यापैकी उतरतं.

पैशाचं सगळ्यात शेवटी. इथे त्यांच्या भीतीला हसू नका, ती भीती रास्त आहे. ज्या खात्यात सगळी पुंजी असेल ते खातं फोनला जोडू नका. दोन-तीन हजारांचं वेगळं खातं ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर अण्णांनी मोठ्या अक्षरात लिहिलंय: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. घाई करणाऱ्याचा फोन ठेवायचा. फसलो तर लगेच 1930. 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. त्यातल्या "लगेच"खाली दोन रेघा आहेत. आणि फसलात तरी मी रागावणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवलंय. रागाच्या भीतीने माणसं लपवतात आणि तेवढ्यात पैसे निघून जातात.

हयातीच्या दाखल्याचं, म्हणजे पेन्शनसाठी दर वर्षी द्यायच्या जिवंत असल्याच्या पुराव्याचं, मात्र नक्की करा. अण्णांना ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या योजनेची, पेन्शन आहे, तुटपुंजी, पण हक्काची. 34 वर्षं लोखंड आणि ग्रीसमध्ये घासून बोटांचे ठसे गेले. एका केंद्रावर तीन खेपा झाल्या, यंत्र दर वेळी नाकारायचं, आणि तिथला मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा, तुमचे ठसेच नाहीत." घरी येऊन अण्णा जेवले नाहीत. आता चेहऱ्यावरून होतं. जीवन प्रमाणचं ॲप आणि आधारचं चेहरा ओळखणारं फेस आरडी ॲप, दोन्ही लागतात. आधार कार्ड, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवा, ओटीपीसाठी नोंदवलेला मोबाईलही. खिडकीकडे तोंड करून बसवा, मागे कोरी भिंत, चष्मा काढलेला, सांगितलं की पापणी मिटायची. आमचं दुसऱ्या प्रयत्नात झालं. ईपीएसचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघायची गरज नाही.

वेळ किती? रोज वीस मिनिटं, सकाळच्या चहानंतर. रात्री नको, डोळे थकलेले असतात. पासबुक भरून आणायला मात्र अण्णा अजून स्वतः बँकेत चालत जातात. मी ती सवय मोडायला गेले नाही. तिथे त्यांचे दोन जुने सोबती भेटतात.

तुम्ही परगावी असाल तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर त्यांची स्क्रीन तुम्हाला दिसू शकते, आणि तोंडाने सांगत शिकवता येतं. ती सोय फक्त घरच्या माणसाबरोबर वापरायची, हे वहीत लिहून घ्या. आणि ती चालू असेपर्यंत पैशाचं ॲप उघडायचं नाही.