मेडिकल कॉलेजात पहिलं संशोधन उभं करताना

मेडिकल कॉलेजात नव्यानं रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाला किंवा एमडीच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला ‘संशोधन करा’ असं सगळेच सांगतात, पण सुरुवात कुठून करायची ते क्वचितच कोणी सांगतं. बहुतेकांची पहिली धाव यंत्रखरेदीकडे असते, आणि तिथेच घोळ होतो. उणे ८० अंशांचा फ्रीझर आला, पण जनरेटरची जोडणी नाही, वार्षिक देखभालीचा करार नाही, रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवणारा माणूस नाही, तर त्यातले नमुने कधी बिघडले हेसुद्धा कळत नाही. विभागात संशोधन टिकतं ते तीन माणसांवर: रुग्णांच्या मागे फोन करत राहणारा समन्वयक, नोंदी सांभाळणारा डेटा ऑपरेटर आणि आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून सोबत असणारा संख्याशास्त्रज्ञ. यंत्र शेजारच्या संस्थेकडून वापरायला मिळू शकतं. ही माणसं उसनी मिळत नाहीत.

शेजारच्या बाबतीत मुंबई भाग्यवान आहे. परळच्या पट्ट्यात पालिकेचं केईएम रुग्णालय, त्याच आवारात रक्तविकारांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) संस्था, जवळच प्रजनन व बालआरोग्याची संस्था, टाटा मेमोरियल आणि १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली हाफकिन. देवनारला लोकसंख्याशास्त्राची आयआयपीएस आणि समाजविज्ञानाची टिस. तपासणी बाहेर करून घ्यायची असेल तर दोन्ही संस्थांत लेखी करार हवा: नमुने कोणाचे, उरलेल्यांचं काय करायचं, लेखात नाव कोणाचं. तोंडी ठरलेलं विभागप्रमुख बदलला की संपतं.

पहिला अभ्यास शक्यतो आधीच्या नोंदींवर करावा. क्षयरोगाचं रजिस्टर, प्रसूतिकक्षाची नोंदवही, प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रयोगशाळेतले अहवाल, हे सगळं विभागात पडूनच असतं. जागतिक आरोग्य संघटनेतल्या टीडीआर कार्यक्रमाची ‘सॉर्ट इट’ ही प्रशिक्षणपद्धत गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत याच वाटेनं चालते. तिचे मुख्य टप्पे असे: आराखडा, माहितीचं विश्लेषण आणि लेख. टप्पा वेळेत पूर्ण केला नाही तर पुढे जाता येत नाही, आणि यश मोजलं जातं ते लेखावर, प्रमाणपत्रावर नाही. अशी कडक मुदत प्रत्येक विभागानं स्वतःला घालून घेण्यासारखी आहे.

नमुन्याचा आकार, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे, हा सर्वांत जास्त गाळात घालणारा भाग. समजा एखादा आजार २० टक्के रुग्णांत असावा असा अंदाज आहे आणि उत्तरात ५ टक्के इकडे-तिकडे चालेल. सूत्र साधं आहे: ४ गुणिले २० गुणिले ८०, भागिले ५ चा वर्ग. उत्तर २५६. दहा टक्के रुग्ण मध्येच गळतील असं धरलं की २५६ ला ०.९ नं भागायचं, म्हणजे २८५. इथे बहुतेक जण थांबतात, पण खरं गणित पुढे आहे. ओपीडी आठवड्यातून २ दिवस, दिवसाला पात्र रुग्ण ३, त्यातले दोन तृतीयांश तयार होतात, म्हणजे आठवड्याला ४. मग २८५ साठी ७२ आठवडे लागतात, सोळा महिन्यांहून जास्त. एमडीचा प्रबंध परीक्षेच्या ६ महिने आधी द्यायचा असतो आणि मंजुऱ्यांतही काही महिने जातात. हा हिशेब न करता ठरवलेला आकडा शेवटी कापावा लागतो. कोणी सुचवतं की ५ ऐवजी १० टक्क्यांची सूट धरा, ६४ रुग्णांत भागेल. भागतं खरं, पण मग निष्कर्ष ‘१० ते ३० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी’ असा येतो आणि त्यावरून वॉर्डात काहीच ठरवता येत नाही. त्यापेक्षा प्रश्न बदलावा किंवा दुसरं रुग्णालय सोबत घ्यावं.

संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीसाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आधी स्वतः वाचावीत. समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि बैठकीला किमान ५ जण लागतात. गणपूर्तीअभावी बैठक पुढे गेली की महिना गेलाच, म्हणून वेळापत्रकात एक जादा महिना धरून चालावं.

प्रस्ताव परत येतो तो बहुधा संमतीपत्रकामुळे. इंग्रजी मसुद्याचं शब्दशः मराठी केलेलं असतं: ‘यादृच्छिक पद्धतीने वाटप’, ‘प्रतिकूल घटना’, ‘५ मिलिलिटर शिरेतील रक्त’. लालबागच्या चाळीतल्या आजींना यातलं काय कळणार? ‘कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल’, ‘काही त्रास झाला तर’, ‘चहाचा एक चमचा भरेल एवढं रक्त’ असं लिहावं. नाही म्हटलं तरी उपचार तसेच मिळतील, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवं. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयात डॉक्टरला नाही म्हणायला माणसं घाबरतात, त्यामुळे शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरनं सही घेऊ नये. बाई ‘घरी विचारून सांगते’ म्हणाली तर तिला तेवढा वेळ द्यावा. वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदार लागतो, वॉर्डातली नर्स त्रयस्थ नसते. ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलांची लेखी तयारी पालकांच्या संमतीसोबतच वेगळी घ्यावी लागते.

क्लिनिकल ट्रायल, म्हणजे उपचाराची रुग्णांवर चाचणी असेल तर सीटीआरआय या ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. प्रबंधालाही यातून सूट नाही. नोंदणी मोफत आहे. परदेशी निधी किंवा नमुने परदेशी पाठवणं असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी घ्यावी लागते.

रुग्ण हातून सुटतात ते मे महिन्यात आणि गणपतीत, कारण माणसं गावी जातात. जुलैत लोकल बंद पडतात. म्हणून तपासणीची तारीख एकच न ठेवता आराखड्यातच ७ दिवस आधी-नंतरची मुभा मंजूर करून घ्यावी. दोन मोबाईल नंबर घ्यावेत, त्यातला एक शेजाऱ्याचा किंवा गावचा, आणि तो वापरण्याची परवानगी संमतीपत्रकात मागावी. येण्याजाण्याचं भाडं द्यायचं तर तेही समितीकडून मंजूर हवं. ओपीडीत रुग्णाला गाठायचं ते डॉक्टरांना भेटून झाल्यावर, रक्ततपासणीच्या रांगेत. औषधखिडकीची रांग गाठायची घाई असलेला माणूस पंधरा मिनिटं ऐकत नाही.

नोंदींत नावावर विसंबू नये. एकच शिंदे तीन स्पेलिंगांनी सापडतात आणि केसपेपर हरवला की नवा नंबर येतो. प्रत्येकाला अभ्यास क्रमांक द्यावा, नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलूपबंद कपाटात ठेवावी. ‘माहीत नाही’ साठी ९९ वापरला आणि वयाच्या रकान्यातही तोच आला तर सरासरी वय फुगतं. एक्सेलमध्ये तारखेत दिवस-महिना उलटतो, ३ एप्रिलचा ४ मार्च होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्या २० रुग्णांची माहिती दोघांनी स्वतंत्र भरून ताडून पाहिली तर फॉर्ममधले बहुतेक दोष तिथेच दिसतात.

अनुदानाचा दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याशिवाय, सुटत नाही. ते मार्चअखेर मागायला गेलात तर लेखा विभागात ढीग असतो. हप्ता अडकला की समन्वयकाचा पगार थांबतो आणि तो दुसरीकडे नोकरी धरतो. जानेवारीतच खर्चाचा तक्ता लेखा विभागाला द्यावा. त्या विभागातल्या कारकुनाला प्रकल्प काय आहे ते एकदा नीट समजावून सांगितलं, तर पुढचे कागद खूप सोपे होतात.

लेखकांची नावं आणि क्रम आराखड्यासोबतच लिहून काढावा. निवासी डॉक्टर कॉलेज सोडताना त्याच्याकडून पाच गोष्टी ताब्यात घ्याव्यात: मंजुरीचं पत्र, कोऱ्या फॉर्मची प्रत, सांकेतिक आकड्यांची यादी, साफ केलेली माहिती आणि विश्लेषणाची फाईल. नाहरकत प्रमाणपत्रावर विभागाची सही त्यानंतरच करावी. पुढचा विद्यार्थी मग तिथून पुढे जातो, नाहीतर तो पुन्हा पहिल्या २० रुग्णांपासून सुरू करतो.