लिस्प कंपायलरसाठी बॅकएंड लायब्ररी कशी पारखावी

लिस्पचा पार्सर एका संध्याकाळी लिहून होतो. पंचाईत होते ती मशीन कोड काढताना; हे काम करणारा भाग म्हणजे बॅकएंड. एलएलव्हीएम, क्यूबीई, क्रेनलिफ्ट आणि लिबजीसीसीजेआयटी अशी चार ओपन सोर्स नावं समोर येतात आणि बहुतेक जण आधी वेगाचे आकडे बघतात. ते नंतर बघा. लिस्पला तीन गोष्टी लागतात: खात्रीचे टेल कॉल (फंक्शनचं शेवटचं काम म्हणून केलेला कॉल, ज्याला स्टॅकवर नवी जागा लागत नाही), गार्बेज कलेक्टरशी (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या भागाशी) जुळणी आणि प्रोग्रॅम चालू असतानाच नवा कोड तयार करण्याची सोय. निवड त्यांवरच ठरते.

आधी टेल कॉलची कसोटी तयार करा. एकमेकांना बोलावणारी दोन फंक्शनं घ्या, एक सम तपासणारं, एक विषम, आणि त्यांना १,००,००,००० हा आकडा द्या. स्वतःलाच बोलावणारं फंक्शन इथे चालणार नाही; ऑप्टिमायझर त्याचं गुपचूप लूप करून टाकतो आणि दोष झाकला जातो. त्याच कारणाने ऑप्टिमायझेशनही बंद ठेवा. लिनक्सवर स्टॅक सहसा ८ एमबीचा असतो. एका कॉलला नुसते १६ बाइट धरले तरी इथे १६० एमबी लागतील, म्हणजे टेल कॉल खरा नसेल तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम कोसळणं, ठरलेला.

एलएलव्हीएममध्ये कॉलवर नुसतं ‘टेल’ लिहिणं म्हणजे विनंती. ती पाळली जाईलच असं नाही. ‘मस्टटेल’ लिहा आणि कॉलच्या लगेच पुढे रिटर्न ठेवा. नेहमीच्या सी कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये (आर्ग्युमेंट कुठे ठेवायची याचे नियम) दोन्ही फंक्शनांचे प्रोटोटाइप, म्हणजे आर्ग्युमेंट आणि परताव्याचे प्रकार, जुळावे लागतात. लिस्पमध्ये आर्ग्युमेंटांची संख्या सतत बदलते, म्हणून ‘टेलसीसी’ कन्व्हेन्शन घ्या. त्यात ही अट सैल होते. स्वतःच्या स्टॅकवरच्या जागेचा पॉइंटर मात्र अशा कॉलला देऊ नका, कॉल होईपर्यंत ती जागा गेलेली असते. आणखी एक: जुने धडे टाइप असलेले पॉइंटर वापरतात. ते आवृत्ती १७ मध्ये पूर्ण काढून टाकले, त्यामुळे तो कोड जसाच्या तसा चालत नाही.

क्रेनलिफ्ट रस्टमध्ये आहे. त्यात ‘रिटर्न_कॉल’ ही वेगळी सूचनाच आहे. बोलावणारं आणि बोलावलेलं अशा दोन्ही फंक्शनांना ‘टेल’ कन्व्हेन्शन दिलं की काम झालं. रनटाइमची सी फंक्शनं बोलावताना मात्र सिस्टिमचंच कन्व्हेन्शन ठेवा. ही गफलत झाली तर आर्ग्युमेंट भलत्याच रजिस्टरांत जातात आणि चूक शोधता शोधता दिवस जातो.

क्यूबीई लहान, वाचून समजेल एवढी. मजकूर द्या, असेंब्ली घ्या. टेल कॉल तिच्यात नाहीत. स्वतःवरचा टेल कॉल जंप करून सोडवता येतो, पण फंक्शनच्या पहिल्या ब्लॉकवर जंप चालत नाही (एलएलव्हीएमचंही तेच), म्हणून आधी एक रिकामा ब्लॉक टाका. एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांसाठी ट्रॅम्पोलिन (पुढचं फंक्शन परत घेऊन ते बोलावत राहणारं लूप) लिहावं लागतं आणि तिथे वेग जातो. शिकायला मात्र हिच्यापासून सुरुवात करावी.

लिबजीसीसीजेआयटी हे नाव फसवं आहे. जेआयटी म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना कंपाइल करणं, पण ती आधीच कंपाइल करून फाइलही देते. ईमॅक्स २८ मधलं ईलिस्पचं नेटिव्ह कंपायलेशन हिच्यावरच उभं आहे. पण चालत्या प्रोग्रॅममध्ये कोड हवा तर ती आतून असेंबलर आणि लिंकर चालवून शेअर्ड लायब्ररी बनवते, म्हणून आरईपीएलच्या (ओळ टाइप केली की लगेच चालवून उत्तर देणारा प्रॉम्प्ट) प्रत्येक ओळीला थांबावं लागतं. लायसन्स जीपीएल ३ आहे, तेही आधी बघून घ्या. आरईपीएलच मुख्य असेल तर क्रेनलिफ्ट घ्या. भरपूर ऑप्टिमायझेशन हवं असेल आणि कंपाइलला लागणारा वेळ चालत असेल तर एलएलव्हीएम. क्लॅस्प हे कॉमन लिस्प तिच्यावरच चालतं.

गार्बेज कलेक्टर पहिल्यांदाच स्वतः लिहू नका, बोएम जीसी हा तयार कलेक्टर जोडा. तो स्टॅक आणि रजिस्टर अंदाजाने तपासतो, त्यामुळे कोणत्याही बॅकएंडकडून स्टॅक मॅप (स्टॅकवर पॉइंटर कुठे आहेत याची यादी) मागावा लागत नाही. पॉइंटरचे खालचे ३ बिट टॅगसाठी, म्हणजे किंमत कोणत्या प्रकारची आहे ते सांगणाऱ्या खुणेसाठी, वापरा आणि पूर्णांकाला ०००. म्हणजे बेरीज टॅग न काढता होते (ओव्हरफ्लो तपासा) आणि ६१ बिटांचा पूर्णांक मिळतो. टॅग लावलेला पॉइंटर ऑब्जेक्टच्या सुरुवातीकडे बोट दाखवत नाही, म्हणून वापरात असलेला प्रत्येक टॅग ‘जीसी_रजिस्टर_डिस्प्लेसमेंट’ने नोंदवा.

क्लोजर (बाहेरची व्हेरिएबलं सोबत धरून ठेवणारं फंक्शन) सीच्या मॅलॉकने घेतलेल्या जागेत ठेवलं तर कलेक्टरला आतलं काही दिसत नाही. जेआयटीत त्याहून छुपी चूक होते: कोट केलेल्या (न चालवता तशीच डेटा म्हणून ठेवलेल्या) लिस्टचा पत्ता थेट मशीन कोडमध्ये बसवला जातो. कोडची पानं कलेक्टर तपासत नाही, लिस्ट मोकळी होते आणि प्रोग्रॅम मिनिटभराने कुठेतरी भलतीकडेच कोसळतो. असे स्थिरांक ‘जीसी_मॅलॉक_अनकलेक्टेबल’ने घेतलेल्या तक्त्यात ठेवा आणि कोडने तिथूनच वाचावेत. तपासायचं तर चाचणीच्या वेळी प्रत्येक कॉन्सआधी (लिस्टची नवी जोडी तयार करण्याआधी) ‘जीसी_जीकलेक्ट’ बोलवा. प्रोग्रॅम रखडत चालेल, पण हरवलेला पॉइंटर बहुधा पहिल्या काही सेकंदांतच सापडेल.